ऑइल फिल्टर कापायला आठ हजारांचा कटर? थांबा, आधी हा हिशेब करा



"सर, वापरलेला ऑइल फिल्टर कापून आत बघायला कुठला कटर घेऊ? ऑनलाइन बघितला तर फार महाग आहे." गॅरेज नवीन टाकलेली, ट्रॅक्टर रिपेअरिंग करणारी, स्पेअर पार्टच्या दुकानाला जोडून सर्व्हिसिंग सुरू करणारी मुलं हा प्रश्न मला नेहमी विचारतात. व्हिडिओत दोन मिनिटांत उत्तर दिलं होतं. पण त्यामागचं कारण आणि आकडेमोड नीट लिहून काढायची राहिली होती, ती आज लिहितोय.

आधीच सांगतो, माझं स्वतःचं टूल्स आणि स्पेअरचं दुकान आहे. महागडा कटर विकला तर माझाच फायदा आहे. तरीही माझं मत असं आहे की सुरुवातीला महाग कटर घेऊ नका. फिल्टर कापून बघण्याची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा. टूल स्वस्तातलं चालतं, सवय अर्धवट चालत नाही. आणि कापल्यावर गिऱ्हाइकाला काय सांगता, यावर तुमचं गॅरेज पाच वर्षांनी उभं असेल की नसेल हे ठरतं.

आता एकेक मुद्दा घेऊ.

फिल्टर कापायचाच कशाला?

डॉक्टर रक्त तपासतो ना, तसंच हे आहे. इंजिनातून फिरणारं बहुतेक ऑइल फिल्टरच्या कागदातून जातं. बेअरिंग झिजलं, पिस्टन घासला, बुश खाल्ला, टायमिंग चेनचं प्लास्टिक गाइड तुटलं, की त्याचे कण त्या कागदावर येऊन बसतात. इंजिन आवाज करायला लागण्याच्या आधी बऱ्याच वेळा फिल्टर बोलायला लागलेला असतो. आपण तो काढतो आणि भंगारात टाकतो. म्हणजे रिपोर्ट हातात आला आणि न वाचताच फाडला.

विमानवाले हे फार पूर्वीपासून करतात. छोट्या विमानांची पिस्टन इंजिनं बनवणारी लायकमिंगसारखी कंपनी ऑइल बदलताना फिल्टर कापून, कागद उलगडून धातूचे कण बघायला सांगते. आकाशात इंजिन बंद पडलं तर गाडी बाजूला घेता येत नाही, म्हणून त्यांना ही शिस्त पाळावीच लागते.

आपल्याकडे जीव तसा टांगणीला नसेल, पण पोट असतं. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर ऐन हंगामात, डिसेंबर-जानेवारीत बसला, तर त्या माणसाचं वर्ष बसतं. इंजिनकामाचं बिल वेगळं, बुडालेल्या खेपा वेगळ्या, बँकेचा हप्ता वेगळा. वडाप चालवणाऱ्याचं, टेम्पोवाल्याचं, जेसीबीवाल्याचं तेच. अशा माणसाला "दादा, तुमच्या फिल्टरमध्ये तांब्याच्या रंगाचे कण दिसतायत, हंगामाआधी बघून घेऊ" असं वेळेत सांगणारा मिस्त्री भेटला, तर तो दुसऱ्या गॅरेजची पायरी चढणार नाही.

काही जण म्हणतात, ऑइल लॅबला पाठवलं की झालं. लॅबची तपासणी चांगलीच आहे, पण नेहमीच्या लॅब तपासणीत अगदी सूक्ष्म कण मोजले जातात. डोळ्याला दिसतील एवढे मोठे तुकडे फिल्टरमध्ये अडकलेले असतात, ते लॅबच्या बाटलीत येतच नाहीत. म्हणून जिथे लॅब परवडते तिथेही फिल्टर कापणं सुटत नाही. आणि आपल्या गिऱ्हाइकाला दर वेळी लॅब परवडत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

आधी बघा, तुमच्याकडे कुठल्या गाड्या येतात

टूल घ्यायच्या आधीचा हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. बीबीएला असताना पुस्तकात "मार्केट सेगमेंट" शिकवायचे, दुकानात त्याचा अर्थ एवढाच: आपल्या दारात रोज उभं काय राहतं?

तुमचं गॅरेज दुचाकीचं असेल तर कटर घेऊच नका. बऱ्याच दुचाकींत नुसता कागदी एलिमेंट असतो, बाहेर पत्र्याचा डबाच नसतो. साधी ब्लेड आणि कात्री पुरते. आणि स्प्लेंडरसारख्या गाडीत तर कागदी फिल्टरच नाही. तिथे जाळी आणि क्रँकच्या टोकाला बसणारा, गोल फिरून घाण बाजूला फेकणारा फिल्टर असतो. तो उघडून पुसताना आत काय साचलंय ते बघा, तुमची तपासणी झाली.

काही कारमध्येही प्लास्टिकच्या टोपीखाली नुसता एलिमेंट असतो. तिथेही कापायला डबा नाही.

कटर लागतो तो पत्र्याच्या डब्याच्या, फिरवून बसवायच्या फिल्टरला. कारचे असे फिल्टर साधारण ६५ ते ८० मिमी व्यासाचे असतात. ट्रॅक्टर, ट्रक, जनरेटरचे मोठे, ९० मिमीच्या पुढचे. आता पंधरा दिवस एक काम करा. तुमच्याकडे निघालेला प्रत्येक फिल्टर भंगारात टाकायच्या आधी त्याचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि वहीत लिहा. आतल्या आट्यांचं मापही लिहा. जास्त चालणारी मापं म्हणजे ३/४ इंच १६ आट्यांची, एम २० बाय १.५ आणि एम २२ बाय १.५. पंधरा दिवसांनी ती वहीच तुम्हाला सांगेल की कुठलं टूल घ्यायचं. मला विचारायची गरजच पडणार नाही.

हे वापरू नका

स्वस्तात करायचं म्हणजे हाताला येईल त्याने करायचं, असं नाही.

पहिलं, हॅक्सॉ. गॅरेजमध्ये पडलेलाच असतो, म्हणून सगळे तोच उचलतात. पण करवत लोखंडाचा कीस पाडते आणि तो कीस थेट कागदावर पडतो. मग आत दिसणारा कण इंजिनाचा की करवतीचा, हे कोण सांगणार? ज्या गोष्टीचा शोध घ्यायचाय तीच आपण स्वतः आत टाकली. अशा फिल्टरवरून गिऱ्हाइकाला काही सांगणं म्हणजे अंदाजपंचे.

दुसरं, ग्राइंडर. कीस तर पडतोच, शिवाय दगडाचे कण पडतात. त्याहून वाईट म्हणजे तेलाने भिजलेल्या कागदावर ठिणग्या उडतात. आग लागायला अजून काय पाहिजे? ग्राइंडरने फिल्टर कापायचा नाही, विषय संपला.

तिसरं, छन्नी-हातोडी. डबा उघडतो, पण पत्रा आत वाकतो, कागद फाटतो, रंगाचे पोपडे आत जातात.

चौथं, स्वयंपाकघरातला डबे फोडायचा ओपनर. फिल्टरचा पत्रा आणि त्याची शिवण त्या कामाची नाही. ओपनर मोडेल आणि घरी बोलणी खावी लागतील.

नवीन फिल्टर आतून कसा असतो हे शिकायला किंवा मुलांना दाखवायला हॅक्सॉ खुशाल वापरा. वापरलेल्या फिल्टरची तपासणी करायची असेल तर पत्रा न घासता, चाकाने दाबत दाबत कापणारं टूल लागतं. कीस पडता कामा नये, हा एकच नियम डोक्यात ठेवा.

मग स्वस्तात काय मिळतं?

माझ्या मते तीन रस्ते आहेत.

१. पाइप कटर. प्लंबर वापरतो तोच, एका बाजूला कापायचं चाक आणि समोर दोन रोलर. फक्त माप बघून घ्या. एसीवाले तांब्याच्या नळीला वापरतात तो छोटा कटर कामाचा नाही, त्यात फिल्टर बसणारच नाही. लोखंडी पाइपचा दोन इंची कटरही फसवतो. दोन इंची पाइपचा बाहेरचा व्यास असतो साधारण ६० मिमी आणि तुमचा फिल्टर ६५ च्या पुढे. म्हणजे तीन इंची किंवा त्याहून मोठा लागतो. दुकानात जाताना खिशात जुना फिल्टर घेऊन जा, कटरमध्ये बसवून बघा, मगच पैसे द्या. नवीन महाग वाटला तर जुना चालतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीट हा टूल्सचा मोठा बाजार आहे. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात अशी टूल्स चाळायला मिळतात. जुना घेताना चाकाची धार आणि चाकाच्या पिनची ढिलाई बघा. चाक डुलत असेल तर काप सरळ जाणार नाही.

२. साखळीचा कटर. सायलेन्सरचे पाइप कापायला येतो तो. साखळीत छोटी छोटी चाकं असतात, फिल्टरभोवती गुंडाळायची, पकडीसारखं हँडल आवळायचं आणि मागेपुढे हलवायचं. हे कटर बहुतेक करून ७५ मिमीच्या आसपासच्या पाइपपर्यंतच चालतात. म्हणजे कारच्या छोट्या फिल्टरला ठीक, ट्रॅक्टरला नाही. एकदम जोरात आवळला तर पत्रा चेपतो, सावकाश घ्यायचं.

३. टर्नरकडून बनवून घेणं. ट्रॅक्टर-ट्रकच्या मोठ्या फिल्टरचं काम असेल तर हा रस्ता मला सगळ्यात आवडतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरसारख्या ठिकाणी, किंवा तुमच्या तालुक्याच्या गावात लेथ असलेला कुणीही चांगला टर्नर हे करू शकतो. त्याला दोन गोष्टी सांगायच्या. एक, फिल्टरच्या आट्या बसतील असा दांडा, जो बेंच व्हाइसमध्ये पकडता येईल. तुमच्या वहीत जी दोन-तीन आट्यांची मापं जास्त आली, त्यांचेच दांडे करायचे. दोन, जाड पत्र्याची इंग्रजी सी अक्षरासारखी फ्रेम. एका बाजूला दोन छोटी बॉल बेअरिंग रोलर म्हणून, दुसऱ्या बाजूला स्क्रूने पुढे सरकणारं कापायचं चाक. चाक बनवून घेऊ नका, पाइप कटरचं तयार चाक सुटं मिळतं तेच बसवा. म्हणजे धार गेली की दुकानातून नवीन आणून लावता येतं.

टर्नरला काम देताना आधी भाव ठरवा, चित्र काढून द्या, आणि सोबत तुमच्याकडचे सगळ्यात मोठे आणि सगळ्यात छोटे फिल्टर ठेवा. दोन गॅरेजवाले मिळून एकच बनवून घेतलं तरी चालतं. रोज लागणारं टूल नाहीये ते.

कापायची पद्धत

फिल्टर काढल्यावर तोंड खाली करून रात्रभर जाळीवर ठेवा, तेल निथळू दे. बाहेरून चिंधीने आणि डिझेलने स्वच्छ पुसा, नाहीतर बाहेरची माती आणि रंगाचे पोपडे आत जाऊन गोंधळ होतो. आट्यांच्या बाजूची जी शिवण असते, तिच्या थोडं वर चाक लावा. एक फेरा मारला की स्क्रू थोडासा आवळायचा, परत एक फेरा. घाई केली की पत्रा चेपतो. पाच-सहा मिनिटांत डबा मोकळा होतो.

कापलेल्या पत्र्याची कड पात्यासारखी असते. जाड हातमोजे घाला. त्याच्या आत रबरी हातमोजे घाला, कारण वापरलेलं इंजिन ऑइल रोज कातडीला लागणं चांगलं नाही. वर्षानुवर्षं लागत राहिलं तर त्वचेच्या कॅन्सरचा धोका असतो. "आम्ही वीस वर्षं असंच करतोय" म्हणणाऱ्या मिस्त्रींना मी मान देतो, पण तुमच्याकडे कामाला येणाऱ्या पोराच्या हाताची जबाबदारी तुमची आहे.

मग आतला कागद धारदार ब्लेडने वरून आणि खालून कापून मधल्या नळीवरून सोडवायचा. पांढऱ्या ट्रेमध्ये हार्मोनियमच्या भात्यासारखा उलगडायचा. उन्हात किंवा चांगल्या लाइटखाली बघायचं. मॅग्नेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून कागदावरून फिरवायचा. पिशवी उलटी केली की चिकटलेले कण वेगळे होतात.

काय दिसलं तर काय समजायचं?

- मॅग्नेटला चिकटणारे कण म्हणजे लोखंड किंवा स्टील. नवीन किंवा नुकत्याच बांधलेल्या इंजिनात बारीक भुकटी दिसणं साहजिक आहे. जुन्या इंजिनात चकत्या, सुया दिसल्या तर विचार करायचा.
- न चिकटणारी पांढरट चमक ॲल्युमिनियमची असू शकते, म्हणजे पिस्टनकडे नजर. बेअरिंगच्या वरच्या थराचीही असू शकते.
- तांब्याच्या किंवा पितळेच्या रंगाचे कण बेअरिंगचा आतला थर किंवा बुश सांगतात. हे हलक्यात घ्यायचं नाही.
- काळे, कडक, बोटाने चुरगळणारे कण बहुतेक वेळा कार्बन असतात.
- प्लास्टिकचे तुकडे म्हणजे चेन गाइड तपासा.
- रबरासारखे लांबट धागे बऱ्याचदा कुणीतरी चेंबर बसवताना जास्त लावलेलं सिलिकॉन असतं. ते ऑइलच्या वाटेत अडकू शकतं.
- दुधासारखा चिकट थर म्हणजे पाणी किंवा कूलंट आत येतंय का, ते बघा.
- कागद चेपून गोळा झाला असेल तर फिल्टर फार दिवस बदललेला नाही, किंवा फिल्टरच हलक्या दर्जाचा आहे.

शेवटच्या मुद्द्यात दुकानदारांसाठी एक जादा काम दडलंय. वेगवेगळ्या ब्रँडचे नवीन फिल्टर एकेक कापून काउंटरवर ठेवा. कुणाच्या कागदाला घड्या किती, तेल परत न येऊ देणारी रबरी झडप आहे की नाही, कागद नीट चिकटवलाय की नाही, सगळं उघडं पडतं. "हा चाळीस रुपयांनी महाग का?" या प्रश्नाला तोंडाने उत्तर द्यावंच लागत नाही.

आता पैशाचा हिशेब

हे आकडे समजण्यापुरते धरतोय, तुम्ही तुमचे घाला. समजा बनवून घेतलेलं टूल २,००० रुपयांना पडलं आणि मागवलेला कटर ८,००० ला. तपासणीचे तुम्ही १०० रुपये घेता. हातमोजे, चिंधी, ब्लेड धरून १५ रुपये खर्च. राहिले ८५.

इथे बहुतेक जण थांबतात आणि म्हणतात, २४ फिल्टरमध्ये टूल फिटलं. पण तुमचा वेळ फुकट आहे का? कापणं, बघणं, फोटो काढणं मिळून पंधरा मिनिटं जातात. तुमच्या तासाची किंमत २०० रुपये धरली तर ५० रुपये वेळेचे. हातात राहिले ३५.

२,००० ला ३५ ने भागा. ५८ फिल्टर. महिन्याला ८ गिऱ्हाइकं तयार झाली तर सात-सव्वासात महिने. आता ८,००० ला ३५ ने भागा. २२९ फिल्टर, म्हणजे दोन वर्षांहून जास्त. काप दोन्हींचा सारखाच आणि कागदावरचे कणही तेच.

आणि मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज ५०,००० पर्यंत मिळतं. त्यातले ८,००० एका कटरला घातले तर कर्जाचा १६ टक्के भाग महिन्यातून आठ वेळा लागणाऱ्या टूलमध्ये अडकला. तेवढ्यात चांगला टॉर्क रेंच येतो, ऑइल प्रेशर गेज येतो, ज्यांची रोज गरज आहे. टूल चांगलं की वाईट, हा इथे प्रश्नच नाही. रुपया कुठे जास्त फिरतो, हा प्रश्न आहे.

मग महाग कटर कुणी घ्यायचा? ज्याच्याकडे ट्रॅव्हल्स किंवा ट्रान्सपोर्टवाल्यांचं बांधलेलं काम आहे, महिन्याला पन्नास-साठ फिल्टर निघतात, त्याने जरूर घ्यावा. तिथे वेळ वाचतो आणि वेळेचेच पैसे आहेत. वर्षभर वहीत नोंदी ठेवा, आकडा तिथे पोचला की घ्या.

भीती विकू नका

इथपर्यंत टूलचं झालं. आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो.

कापलेला फिल्टर हे फार ताकदीचं हत्यार आहे. गिऱ्हाइकाला त्यातलं काही कळत नाही. चमकणारा एक कण दाखवून "इंजिन गेलं तुमचं, खोलावं लागेल" असं म्हटलं, तर घाबरून तो हो म्हणेल. एक मोठं बिल होईल. असं करणारे लोक आहेत, मी बघितलेत. आणि दोन-तीन वर्षांत त्यांची गावात काय चर्चा होते, तीही ऐकलीय. छोट्या गावात बातमी पसरायला व्हॉट्सॲपही लागत नाही, चहाची टपरी पुरते.

माझं ठाम मत आहे की एका फिल्टरवरून इंजिन खोलायचा निर्णय द्यायचा नाही. एक फोटो हा पुरावा नसतो, दोन फोटोंमधला फरक पुरावा असतो. म्हणून नोंद महत्त्वाची. गाडी नंबर, किलोमीटर किंवा तास, ऑइलचा ग्रेड, फिल्टरचा ब्रँड, काय दिसलं, आणि शेजारी रुपयाचं नाणं ठेवून काढलेला फोटो, म्हणजे कणाचा आकार कळतो. खाली तीनपैकी एकच शेरा लिहायचा: "नेहमीसारखं", "लक्ष ठेवा" किंवा "तपासणी करा".

"लक्ष ठेवा" असेल तर पुढचं ऑइल लवकर बदलायचं आणि तो फिल्टर परत कापायचा. कण वाढले की कमी झाले ते बघायचं. "तपासणी करा" हा शेरा तेव्हाच, जेव्हा कण बोटाला जाणवण्याएवढे मोठे आहेत, सोबत आवाज आहे किंवा ऑइल प्रेशर कमी आहे. तेव्हाही आधी प्रेशर मोजा, मग चेंबर उतरवा, आणि त्यानंतर पुढचं बोला. गाडी वॉरंटीत असेल तर फिल्टर आणि फोटो मालकाच्या हातात द्या आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा. तिथे आपण मध्ये पडायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, "नेहमीसारखं" हा शेरासुद्धा तेवढ्याच अभिमानाने द्या. "काका, इंजिन मस्त आहे, काही करायची गरज नाही" असं सांगून १०० रुपये घेणारा मिस्त्री लोकांनी फार बघितलेला नाही. पहिल्या वेळी गिऱ्हाईक म्हणेल, काहीच निघालं नाही मग शंभर कशाचे? हसून सांगा, निश्चिंतीचे. पटलं नाही तर पहिल्या वेळी घेऊ नका, पण फोटो पाठवा. तो फोटो तो चार जणांना दाखवतो.

मोठ्या सर्व्हिस सेंटरकडे एसी वेटिंग रूम आहे, कॉम्प्युटरचं बिल आहे. आपल्याकडे काय आहे? गिऱ्हाइकाला आत बोलावून, त्याच्या गाडीचा फिल्टर त्याच्यासमोर उघडून दाखवायची मोकळीक आपल्याकडे आहे. ती वापरा.

कचऱ्याचं काय करायचं?

कापलेला फिल्टर गटाराकडेला टाकायचा नाही, निथळलेलं तेल ओढ्यात सोडायचं नाही, जाळायचं तर अजिबात नाही. २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांनुसार वापरलेलं तेल धोकादायक कचऱ्यात मोडतं. ते परवानाधारक रिसायकलरकडेच गेलं पाहिजे. अशा लोकांची माहिती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते. तेलाचा वेगळा ड्रम ठेवा. पत्रा निथळून, पुसून वेगळा ठेवा आणि तेलकट कागद-चिंध्या झाकणाच्या डब्यात. त्या चिंध्या उघड्यावर ढीग करून ठेवल्या तर आगीचाही धोका असतो. कटरच्या खर्चात हा ड्रम आणि डबाही धरा, तो हिशेबातून सुटतो.

या आठवड्यात काय कराल?

टूल लगेच घेऊ नका. आधी वही घ्या. निघालेला प्रत्येक फिल्टर मोजा, माप लिहा. तुमच्या पाच जुन्या गिऱ्हाइकांना विचारा, "शंभर रुपयांत इंजिनाच्या आतली खबर फोटोसकट दिली तर चालेल का?" तिघे हो म्हणाले तर टर्नरकडे जा. एकही हो म्हणाला नाही तर तुमचे २,००० रुपये वाचले, आणि तेही काही कमी नाही.

पंधरा दिवसांनी वहीतली मापं समोर ठेवून बसा आणि स्वतःचे आकडे घालून वरचा भागाकार करा. उत्तर सहा-आठ महिन्यांच्या आत आलं तर सुरुवात करा. दोन वर्षांच्या पुढे गेलं तर टूल बदला नाहीतर विचार बदला.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा जपा, हात जपा.